बाटलीवरचे १७८० आणि भट्टीवरचे कलम ६५

१/ गेल्या आठवड्यात आयरिश व्हिस्कीच्या एका सुप्रसिद्ध ब्रँडचा इतिहास सांगणारा मराठी थ्रेड अनेकांनी मला पाठवला. 'असा इतिहास आपल्याकडे का नाही?' हा प्रश्नही बहुतेकांनी सोबत जोडला होता. त्या थ्रेडमधील श्रद्धेला आणि या प्रश्नातील न्यूनगंडाला मिळून हे एकच उत्तर. ते लांबणार आहे, आणि ते नम्र असेल असे वचन मी देत नाही.

२/ आधी एक खुलासा, म्हणजे पुढचे अर्धे प्रतिसाद वाचतील. हा थ्रेड मद्यपानाचा पुरस्कार करीत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील महागावचा आहे. दारूने उंबरठे कसे झिजतात हे सांगायला मला पुस्तकाची गरज नाही. वाद पिण्याविषयी नाही. कोणत्या दारूला 'वारसा' म्हणायचे आणि कोणत्या दारूला 'मुद्देमाल', हे कोण ठरवते, याविषयी आहे.

३/ जेमसनच्या बाटलीवर १७८० हे साल असते. त्या थ्रेडनुसार त्या वर्षी जॉन जेमसनने डब्लिनच्या बो स्ट्रीटवर भट्टी उभारली. वस्तुस्थिती अशी : जेमसन (जन्म १७४०) आयरिश नव्हे, स्कॉटलंडमधील अलोआचा. बो स्ट्रीटची भट्टी मुळात स्टाइन घराण्याची. जेमसनची पत्नी मार्गारेट हेग ही मातुल बाजूने याच स्टाइनांची नातलग. जेमसन तेथे १७८६ च्या सुमारास व्यवस्थापक झाला आणि मालकी त्याच्याकडे आली ती १८०५ मध्ये. म्हणजे लेबलवरचे साल भट्टीचे आहे आणि नाव नंतर आलेल्या मालकाचे. दोन्ही खरे, पण त्यांची जोडणी विक्री विभागाची.

४/ बुशमिल्सची कथा याहून बोधप्रद आहे. त्या बाटलीवर १६०८ असते, कंपनीची नोंद मात्र १७८४ ची. मग १६०८ मध्ये काय घडले? राजा पहिला जेम्स याच्या राजवटीत सर थॉमस फिलिप्स या इंग्रज अधिकाऱ्याला अल्स्टरच्या त्या टापूत मद्य गाळण्याचा मक्ता मिळाला. पुढच्याच वर्षी अल्स्टरची वसाहत, म्हणजे आयरिश कुळांच्या जमिनी काढून इंग्रज-स्कॉट वसाहतवाल्यांना देण्याचा उद्योग, रीतसर सुरू झाला. ज्या सालाला आपण 'चारशे वर्षांची परंपरा' म्हणतो, ते साल परंपरेचे नव्हे, स्थानिकांच्या हातातील कला एका परक्याच्या मक्त्यात गेल्याचे आहे. उद्या एखाद्या अबकारी ठेकेदाराने आपल्या लिलावाची तारीख बाटलीवर छापली तर आपण तिला वारसा म्हणू का?

५/ दारू गाळण्याची कला आयर्लंडमध्ये त्याहून कितीतरी जुनी. १४०५ साली एक टोळीप्रमुख नाताळात अतिमद्यपानाने मेला, अशी नोंद तेथील बखरीत आहे. १५५६ च्या कायद्याने परवान्याशिवाय मद्य गाळण्यास मनाई झाली, आणि त्यात सूट कोणाला होती? उमरावांना, प्रतिष्ठित जमीनदारांना आणि शहरांच्या मान्यताप्राप्त नागरिकांना. बंदी फक्त उरलेल्यांना. कायद्याच्या पहिल्याच पानावर दारूची जात ठरली.

६/ मग १६६१ च्या नाताळच्या दिवशी गॅलनमागे चार पेन्सांचा कर बसला. कर भरणारी दारू 'पार्लमेंट व्हिस्की' झाली आणि न भरणारी 'पॉतीन', म्हणजे लहान भांड्यातली. द्रव्य तेच, भांडेही बरेचसे तेच. फरक पावतीचा.

७/ १७७९ चा कायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर प्रत्यक्ष गाळलेल्या दारूवर न आकारता भांड्याच्या क्षमतेवर, ठरावीक किमान उत्पादन गृहीत धरून आकारला जाऊ लागला. एवढे उत्पादन काढण्याची ताकद लहान भट्टीवाल्यात नव्हती. तेव्हा बाराशेहून अधिक नोंदलेल्या भट्ट्या होत्या. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांतील मूठभर उरल्या. बाकीचे व्यवसाय सोडून गेले किंवा डोंगरात गेले. जेमसनचा उदय नेमका याच काळातला. त्याच्या कौशल्याला मी कमी लेखत नाही, पण प्रतिस्पर्ध्यांचे रान कायद्यानेच साफ करून दिले होते. हे त्या भक्तिपर थ्रेडमध्ये एका ओळीनेही नव्हते.

८/ १७८३ मध्ये आणखी एक कायदा आला. ज्या गावशिवारात बेकायदा भट्टी सापडेल त्या संपूर्ण शिवाराला दंड. भट्टी कोणाची हे सिद्ध करण्याची गरज नाही. सामूहिक शिक्षेचा हा प्रयोग वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी पुढे कोठे कोठे नेला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

९/ आता प्रकारांकडे वळू, कारण शौकिनांना तेच सांगायला आवडते. आयरिश व्हिस्कीचे चार वर्ग : केवळ मोड आलेल्या सातूची 'माल्ट', इतर धान्यांची 'ग्रेन', मोड आलेल्या व न आलेल्या सातूच्या मिश्रणाची 'पॉट स्टिल' आणि यांचे मिश्रण ते 'ब्लेंडेड'. जेमसनची नेहमीची बाटली ब्लेंडेड, पॉट स्टिल आणि ग्रेन यांच्या मिलाफाची. रेडब्रेस्ट आणि ग्रीन स्पॉट ही पॉट स्टिलची मानाची नावे. बुशमिल्सची ख्याती माल्टची. बहुतेकदा तीनदा गाळायची, लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवायची, आणि तेही आयर्लंडच्या बेटावरच.

१०/ यांतील 'पॉट स्टिल' हा प्रकार आयरिश प्रतिभेचे शिखर मानला जातो. त्याचा जन्म कसा झाला? १७८५ मध्ये माल्टवर, म्हणजे मोड आलेल्या सातूवर कर बसला. तो वाचवण्यासाठी कच्चा सातू मिसळण्याची रीत रूढ झाली. करचुकवेगिरीतून चव जन्मली आणि चवीला पुढे परंपरा हे नाव मिळाले. मला यात काहीही लज्जास्पद दिसत नाही, उलट हाच त्या व्हिस्कीचा सर्वांत माणुसकीचा भाग आहे. फक्त एवढेच म्हणतो की, हीच युक्ती पैनगंगेच्या काठी कोणी केली की तिला 'अवैध धंदा' म्हणतात.

११/ (जाता जाता : ज्याच्या नावाने अखंड ऊर्ध्वपातनाचे यंत्र ओळखले जाते तो ईनिअस कॉफी मुळात अबकारी अधिकारी. १८१० मध्ये डोनेगॉलमध्ये पॉतीनवाल्यांनी त्याला मरणोन्मुख होईतो मारले. निवृत्तीनंतर, १८३० मध्ये, त्याने यंत्राचे पेटंट घेतले. डब्लिनच्या बड्या भट्टीवाल्यांनी ते नाकारले, स्कॉटलंडने उचलले, आणि आयरिश व्हिस्कीच्या घसरणीचे ते एक कारण ठरले. छापे घालणाऱ्यानेच शेवटी डब्लिनच्या बड्यांचा बाजार मोडला. इतिहासाला विनोदाचे वावडे नाही.)

१२/ घसरण केवढी? १९६६ मध्ये जेमसन, पॉवर्स आणि कॉर्कची कंपनी एकत्र आल्या. १९७१ मध्ये बो स्ट्रीटची भट्टी थंडावली. १९७५ पासून जेमसन डब्लिनमध्ये नव्हे, कॉर्क परगण्यातील मिडलटनला तयार होते, आणि १९८८ पासून मालकी पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे आहे. स्कॉटिश संस्थापक, फ्रेंच मालक, आणि जिथून निघाली त्या शहरात आज पर्यटकांसाठी प्रदर्शन. तरीही ती 'आयरिश वारसा'. आणि पॉतीन? तीनशेहून अधिक वर्षे गुन्हा राहून १९९७ मध्ये ती आयर्लंडमध्ये विकण्यास मोकळी झाली आणि २००८ मध्ये युरोपीय संघाने तिला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण दिले. जी पकडण्यासाठी माणसे मारली आणि मारली गेली, ती आज विमानतळावर शोभिवंत बाटलीत मिळते.

१३/ आता घरी या.

१४/ मार्च-एप्रिलमध्ये आमच्या भागात पहाटे मोहाची फुले गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा स्वच्छ केलेली असते. उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन बाया आणि पोरे वेचायला जातात, कारण उशीर झाला तर गुरे आणि अस्वले वाट पाहत नाहीत. फुले वाळवून ठेवली की वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलाचे सुमारे निम्मे वजन साखरेचे. दुष्काळात हेच अन्न. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रानातील माणसे मोहावर जगली. फळे ती टोळंबी, बियांचे तेल निघते. गोंड, कोलाम, आंध, परधान यांच्या घरात जन्मापासून मृत्यूपर्यंत या झाडाला जागा आहे.

१५/ याच फुलांची दारू गाळतात. फुले भिजत घालायची, आठवडाभर आंबू द्यायची, मग मडक्यावर मडके, वर गार पाणी, खाली मंद जाळ, आणि नळीतून थेंब. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग मराठीत आज सिनेमाच्या संवादापासून राजकीय भाषणापर्यंत सर्वत्र वापरला जातो. तो या भट्टीवरून आला. आयर्लंडचा कारागीर पहिला, मधला आणि शेवटचा भाग वेगळा काढतो, तेव्हा आपण त्याला 'मास्टर डिस्टिलर' म्हणतो. पहिली धार आणि उतरती धार ओळखणाऱ्या आमच्या म्हातारीला काय म्हणतो? भाषेने तिचे ज्ञान उचलले आणि तिला आरोपी ठेवले.

१६/ हे केव्हा झाले? मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा हा टप्पा आहे. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटण्यात आली, विक्रीचे मक्ते लिलावाने देण्यात आले, ताडामाडाच्या झाडांवर कर बसला. तेव्हा उरणला मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर गाळली जाई आणि तिचे मालक बहुतांशी पारशी भांडवलदार होते. ठाण्याच्या जंगलातला वारली स्वतःच्या अंगणातील मोहाची दारू गाळू शकत नव्हता. तीच दारू त्याला ठेकेदाराच्या दुकानातून, कर भरून, बहुधा उधारीवर, विकत घ्यावी लागत होती. १७७९ चा डब्लिनचा कायदा आठवला?

१७/ तरीही चोरून भट्ट्या लागतच होत्या. तेव्हा सरकारने दारू सोडून थेट फुलालाच हात घातला. १८९२ चा मोहफूल कायदा, 'म्हौरा ॲक्ट' : ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांची साठवण आणि व्यापार यांवर निर्बंध. कल्पना करा, चोरून व्हिस्की होते म्हणून आयर्लंडमध्ये सातू जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला असता! ते इंग्रजांनी तेथे कधी केले नाही. सातू हे युरोपचे धान्य होते. मोह हे फक्त आदिवासींचे.

१८/ आमच्या वऱ्हाडात गोष्ट किंचित वेगळी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला आणि मग मध्य प्रांताला जोडला गेला. पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजी अंमल, दक्षिणेस निजामाचा. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन राज्यांचे दोन अबकारी कारभार. मध्य प्रांतात आधी लिलावाने भट्ट्यांचे परवाने, नंतर मध्यवर्ती भट्टीतून कंत्राटदारामार्फत पुरवठा, आणि १९१५ चा अबकारी कायदा. तपशील निराळे, दिशा एक : बनवणाऱ्याला ग्राहक करायचे.

१९/ येथे एक जण नक्की म्हणेल, 'मग दारूबंदी चळवळ चूक होती का?' नाही. नीट वाचा. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी गुत्त्यांपुढे धरणे धरले. या दोघांचे एकमत अन्यत्र शोधून दाखवा! दोघांचा रोख एका गोष्टीवर होता, महसुलासाठी दारू पाजणाऱ्या सरकारवर. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवी चळवळीत दारू सोडली, तेव्हा पहिला फटका पारशी दारूवाल्यांना बसला. डेव्हिड हार्डिमन यांचे त्यावरचे पुस्तक प्रत्येकाने वाचावे. दारू सोडणे हाही तेथे ठेकेदाराविरुद्धचा लढा होता.

२०/ स्वातंत्र्यानंतर काय बदलले? आधी राष्ट्रवादी सरकारांचा वारसा बघा : १९३८ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा, मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो पुढे विदर्भालाही लागू झाला आणि आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यात मोहफुलांवरचे नियंत्रण तसेच उचलून ठेवले होते. इंग्रज महसुलासाठी फूल धरत होते, आपण नीतीसाठी धरू लागलो. फूल वेचणारीला दोन्हींतला फरक कळावा अशी अपेक्षा आहे.

२१/ संविधान सभेत हे कोणी बोललेच नाही असे नाही. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली, तेव्हा जयपाल सिंग मुंडा उभे राहिले आणि तांदळाची दारू आदिवासींच्या धर्मविधीचा व शेतीच्या श्रमाचा भाग आहे, तुम्ही परस्पर निर्णय कसा घेता, असा सवाल त्यांनी केला. कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर यांनीही विरोध केला, त्यांच्या कारणांचा सूर वेगळा होता. उत्तरात डॉ. आंबेडकरांनी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या वेगळ्या तरतुदींकडे लक्ष वेधले. तरतुदी कागदावर राहिल्या. अनुच्छेद ४७ आला.

२२/ मग दारूबंदीच्या राज्यात दारू थांबली का? दारूबंदी शिथिल होत गेली, पण कोणासाठी? साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल निघाले. त्याला सुवास आणि रंग देऊन दोन माल तयार झाले : सीएल-३ परवान्याच्या दुकानात मिळणारी 'देशी दारू' आणि परमिट रूममधील 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. हा शब्दसमूह पुन्हा एकदा हळू वाचा. भारतीय बनावटीचे विदेशी. आपल्याकडची बहुतेक स्वस्त 'व्हिस्की' मळीच्या अल्कोहोलवर उभी आहे आणि युरोपच्या व्याख्येनुसार ती व्हिस्की नव्हेच. 'देशी' म्हणवणारीही मळीचीच. या मातीतल्या झाडाची, या मातीतल्या हाताची जी एकमेव दारू, तिला देशीही म्हणायचे नाही आणि विदेशीही नाही. ती 'गावठी'.

२३/ आमच्याकडच्या वर्तमानपत्रात तिची बातमी ठरलेली असते. अमुक शिवारात नाल्याकाठी छापा, इतके लिटर मोहामाच नष्ट, कलम ६५ अन्वये गुन्हा, शेजारी सांडलेल्या डब्यांसह उभे असलेले पथक. बाईचे नाव पूर्ण, वयासह. ज्या कायद्याखाली स्थानबद्ध करता येते त्याचे १९८१ चे नावच बघा : झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती. हातभट्टीवाल्याचा शेजार कोणाशी लावला आहे ते पाहा.

२४/ 'पण गावठीने माणसे मरतात!' हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली. ते मिथेनॉल होते, कारखान्यात वापरायचे औद्योगिक रसायन, दारू म्हणून विकलेले. तेथे मोहाचे फूल नव्हते, भट्टीही नव्हती. काळा गूळ, नवसागर आणि काय काय घालून काढलेली हातभट्टी निराळी, मोहाची निराळी. मोहाचीही वाईट गाळली तर वाईटच असते, तिला देवत्व देण्याचे कारण नाही. पण कायद्याने आणि बातमीने हे सर्व एका शब्दात कोंबले. चांगले-वाईट ठरवणारी पारख जिथे गुन्हा असते, तिथे पारखी उरत नाहीत. आयर्लंडमध्ये भेसळ झाली तेव्हा व्याख्या कडक केली, कला बंद केली नाही.

२५/ दुसरा गंभीर आक्षेप बायांचा आहे, आणि त्यापुढे मी मान तुकवतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती बायांच्या आणि ग्रामसभांच्या रेट्याने. शेजारच्या वर्ध्यात ती आधीपासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या यवतमाळातही मागणी वर्षानुवर्षे होत आहे. 'उभी बाटली की आडवी बाटली' या मतदानात आडव्या बाटलीला मत देणारी बाई इतिहासाच्या कोणत्याही प्राध्यापकापेक्षा दारूचे अर्थकारण अधिक जाणते. पण ती ज्याला आडवे करते ते दुकान परवान्याचे आहे, शासनमान्य आहे. तिची लढाई माझ्या युक्तिवादाच्या विरोधात जात नाही. काही गावांत मोहाच्या भट्ट्याही बायांनीच फोडल्या आहेत, हेही मी लपवणार नाही. तो निर्णय त्या गावाचा, त्या बायांचा. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक द्रव्यांच्या नियमनाचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दिला आहे तो याचसाठी. ग्रामसभेने बंद करणे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाने बंद करणे यांत जो फरक आहे, तोच या सगळ्या थ्रेडचा विषय आहे.

२६/ आता अलीकडचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी मान्य केली, त्यात मोहफूल येते. तरीही महाराष्ट्रात ते वेचणे, साठवणे, नेणे यांवरचे जुने निर्बंध उठायला २०२१ उजाडले. कायद्याने मालकी दिली आणि पुढची पंधरा वर्षे मालकाने आपलाच माल पोत्यात भरून नेला तर विचारणा होऊ शकत होती. १० जुलै १९३० रोजी आमच्या पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, त्याचा आम्हांला शाळेत अभिमान शिकवला. गवताचा सत्याग्रह पाठ्यपुस्तकात गेला. मोहाचा कोणी केला नाही, म्हणून तो गुन्ह्याच्या नोंदवहीत राहिला.

२७/ २०२२ मध्ये आणखी एक नवल घडले. काजू, मोहफूल इत्यादींपासून बनणाऱ्या मद्याला चांगला भाव मिळावा म्हणून राज्य मंत्रिमंडळाने त्याला देशी मद्याच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात नेण्यास मान्यता दिली. मोह विदेशी झाला! सातपुड्यापासून गोंडवनापर्यंतच्या झाडाला प्रतिष्ठा मिळण्याचा एकच मार्ग आपल्या कल्पनाशक्तीला सुचला, तो म्हणजे त्याचे देशीपण काढून घेणे. 'असा इतिहास आपल्याकडे का नाही' या प्रश्नाचे उत्तर या एका वर्गीकरणात आहे.

२८/ गोव्याने वेगळे केले. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज मदिरा' म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचतगटांना ती बनवण्याची वाट मोकळी केली. दोन्हींत त्रुटी असतील. विशेषतः 'वारसा' ठरल्यावर ती कंपन्यांच्या हाती जाते का, यावर डोळा ठेवला पाहिजे. जेमसनच्या कथेचा धडा तोच आहे : वारसा हा शब्द उच्चारला जातो तेव्हा मूळचा भट्टीवाला बहुधा चित्रातून गेलेला असतो. म्हणून मला मोहाच्या बाटलीवर सोनेरी साल नको आहे. वेचणारीच्या पोत्याला आणि गाळणारीच्या हाताला संरक्षण हवे आहे, बाटली नंतर बघू.

२९/ त्या थ्रेडच्या लेखकाशी माझे भांडण नाही. त्याने मेहनत घेतली होती, चित्रे सुंदर होती. भांडण पद्धतीशी आहे. कंपनीच्या लेबलवरचे साल हे साधन म्हणून वापरायचे असेल तर त्याची तीच चिकित्सा करा जी आपण बखरीची करतो. बखरीतला एक आकडा सापडला की आपण चार दिवस भांडतो, आणि आयरिश बाटलीवरचा आकडा मात्र शिलालेखासारखा उतरवून घेतो. ही विषमता कोठून आली?

३०/ माझे काम शेवटी शब्दांचे आहे, म्हणून एक विनंती. महागाव, पुसद, उमरखेड, किनवट, केळापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी आजही मोह वेचला जातो त्यांनी आजीला विचारून शब्द पाठवावेत : खालच्या मडक्याला काय म्हणतात, वरच्याला काय, नळीला काय, फुले भिजवण्याच्या क्रियेला काय, तयार झाले हे ओळखण्याच्या खुणेला काय. गोंडी, कोलामी, गोरमाटी, वऱ्हाडी, जे असेल ते. गावाचे नाव द्या, माणसाचे नाव देऊ नका. कलम ६५ अजून लागू आहे.